चाकांवरचं घर आणि उलाळ गाडी



मंगळवेढ्याहून एका भगिनीचं पत्र आलं, वहीची दोन पानं चारही बाजूंनी भरलेली. घरात सहा माणसं. त्या, त्यांचे पती, सासूबाई, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि सहा वर्षांचा मुलगा. ज्वारीची कोरडवाहू शेती, बाजारात छोटं दुकान, दारात बोलेरो. पतींनी मोबाईलवर परदेशातल्या एका कुटुंबाचा व्हिडिओ पाहिला. गाडीमागे जोडलेलं डब्याएवढं घर खडकाळ वाटेनं चाललंय, संध्याकाळी मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकघर तयार, आत गादी, छतावर सोलर पॅनल. तेव्हापासून त्यांनी मनावर घेतलंय. अशीच लहानशी, कच्च्या वाटेवर चालणारी कॅराव्हॅन घ्यायची, बोलेरोला जोडायची आणि अम्मींना घेऊन रत्नागिरीला नणंदेकडे जायचं. थोडी रक्कम साठलेली आहे, बाकीचं कर्ज. भगिनींचा प्रश्न एवढाच, की यातली कोणती घ्यावी?

पण पत्राच्या शेवटी, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात, आणखी दोन ओळी होत्या. अम्मी तीन वर्षांत कुठेही मुक्कामाला गेलेल्या नाहीत. गुडघे आणि साखर. तासातासाला उतरावं लागतं, आणि रस्त्यात बाईमाणसाला उतरवायचं कुठे?

या सदरात गाडीबद्दल प्रश्न आला की मी मायलेज, सर्व्हिस, नवी की जुनी असं चार ओळींत लिहून मोकळी होते. या पत्राला तसं उत्तर देता येईना. सोलापूरला भाचीच्या निकाहला जायचंच होतं. तिथून वाट वाकडी करून मंगळवेढ्याला गेले.

घर गावठाणात, गल्ली अरुंद. मागच्या अंगणात कडब्याची गंज आणि गंजीच्या आडोशाला एका जुन्या बैलगाडीचा सांगाडा. चाकांच्या लोखंडी धावा कधीच विकलेल्या, जू मात्र भिंतीला टेकवून ठेवलेलं. अम्मी पलंगावर बसून होत्या. कॅराव्हॅनचा विषय निघाला तशा हसल्या. म्हणाल्या, त्यात नवीन काय? त्यांचं माहेर हुलजंतीकडचं. लग्नानंतर माहेरी जायचं ते दमणीतून. वर तट्ट्याचं छप्पर, पुढे-मागे चादरीचा पडदा, खाली कडबा पसरून त्यावर वाकळ, कोपऱ्यात पाण्याची घागर आणि भाकरीचं गाठोडं. ओढायला खिलारी जोडी. ओढ्याजवळ बाभळीखाली गाडी सोडायची. गडी बैलांना पाणी दाखवायला लांब जायचा, तोवर बायका मोकळ्या होऊन, वुजू करून, नमाज पढून पुन्हा पडद्यात.

कच्च्या वाटेवर चालणारं लहानसं फिरतं घर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? इंग्रजीतला 'कॅराव्हॅन' हा शब्दही फारसीतल्या 'कारवाँ'वरूनच गेलेला. हौसेसाठी खास बांधून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात ती 'वाँडरर' १८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरनं करून घेतली होती. तीही घोडे ओढायचे.

आमचं बोलणं चालू असताना अम्मींचा मुलगा मोबाईलवर त्याच्या पसंतीची कॅराव्हॅन दाखवत होता. पाण्याच्या थेंबाच्या आकाराची, मागे स्वयंपाकघर. अम्मींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हंडे-भांडे सगळे पीछे? ये गाडी उलाळ होगी बेटा."

तरुण वाचकांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की पुढची दांडी वर उचलली जाते आणि जूं बैलांच्या मानेवरून सुटून गळ्याला काचतं. गाडी उलाळ झाली, असं म्हणायचे. मग गाडीवान पोरांना पुढे सरकवायचा. फार पुढे आली तर बैलांच्या मानेवर भार यायचा, म्हणून पुन्हा थोडं मागे. अम्मींना वाहन चालवता येत नाही, पण ट्रेलर निवडताना जी गोष्ट सगळ्यात आधी बघायची ती त्यांनी बरोबर पकडली.

गाडीमागे ओढायच्या घराचं सामानासकट जे वजन असेल, त्यातलं साधारण दहा टक्के गाडीच्या हुकवर यावं लागतं. सगळं मिळून ६०० किलो असेल तर हुकवर ६० किलो. घरातला माणसं मोजायचा वजनकाटा हुकच्या दांडीखाली ठोकळा ठेवून लावला तरी हे तपासता येतं. भार कमी पडला की गाडी उलाळ. फरक इतकाच, की बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीचा आणि ही ताशी ७० किलोमीटरनं धावणार. त्या वेगात उलाळ भरलेला डबा मागे शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही हलवतो. असं झालंच तर घाबरून ब्रेक दाबू नये, वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यावा. आणि मुळात पाण्याचे कॅन, भांडी, तांदळाची पिशवी चाकांच्या वर किंवा जराशी पुढे ठेवावी. व्हिडिओतलं मागचं स्वयंपाकघर दिसायला देखणं, पण आपल्या घरातली पातेली आणि पंचवीस लिटर पाणी त्यात गेलं की हिशेब बिघडतो.

आता कच्च्या वाटेबद्दल. या एका शब्दासाठी विक्रेते बरेच पैसे जास्त घेतात, म्हणून स्पष्ट लिहिते. मंगळवेढ्याची काळी जमीन कोरडी असताना तिच्यावरून तुमची बोलेरो कुठेही जाते, साधा ट्रेलरही जाईल. पाऊस पडल्यावर त्याच जमिनीत कोणतीच कॅराव्हॅन जाणार नाही, मग तिच्या जाहिरातीत कितीही डोंगर असोत. ही माती ओली झाली की फुगते, चाकाला थरावर थर बसत जातात आणि टायर व मडगार्डच्या मधली जागा भरून चाक अडतं. शेतकऱ्याला हे सांगायला नको. वाफसा आल्याशिवाय तो रानात गाडी घालत नाही. मग ज्या पावसाळी चिखलासाठी म्हणून जास्त पैसे मोजायचे, त्या चिखलात तुम्ही सहकुटुंब जाणारच नाही आहात.

रत्नागिरीचा रस्ता तर राष्ट्रीय महामार्ग १६६. मंगळवेढ्यावरूनच जातो. सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे आंबा घाट. या वाटेवरचा खरा 'ऑफ-रोड' म्हणजे गावोगावचे गतिरोधक आणि कामासाठी काढलेली वळणं. त्यासाठी तीन गोष्टी पुरे आहेत. एक, चाकांवर पाट्यांची स्प्रिंग. आधुनिक सस्पेन्शन जास्त मऊ असतं खरं, पण पाटा तुटला तर जतपासून पंढरपुरापर्यंत कुठलाही मिस्त्री तासाभरात बदलून देईल. दुसरी, ट्रेलरचं चाक आणि टायर बोलेरोच्याच मापाचं, म्हणजे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. तिसरी, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. युरोपात ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ब्रेकशिवाय चालवू देतात. असतील त्यांचे नियम. आंबा घाट उतरताना मागून अर्धा टन ढकलत असेल, शेजारी अम्मी आणि मागे तीन मुलं असतील, तर मी ब्रेकशिवायचा ट्रेलर घेणार नाही.

ट्रेलर मागे घेणं हे वेगळंच प्रकरण आहे. स्टिअरिंग एकीकडे फिरवलं की डबा दुसरीकडे जातो. पण ऊसपट्ट्यात ही विद्या शिकायला लांब जायला नको. ट्रॅक्टरची ट्रॉली कारखान्याच्या गव्हाणीला उलटी लावणारा एखादा पोरगा गाठा आणि त्याच्याकडून मोकळ्या रानात दोन दिवस शिकून घ्या. जाता जाता एक: हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात. मगरिबनंतर गाडी उभी, हा नियम घराला लावून घ्या.

यानंतर मी अम्मींच्या मुलाला विटा आणायला सांगितल्या. त्याला वाटलं चूल मांडायची आहे.

कॅराव्हॅन जितकी कच्च्या वाटेसाठी, तितकी तिची चाकं मोठी आणि तळ उंच. तळ उंच म्हणजे उंबरा उंच. आणि जितकी लहान, तितकं आतलं छत ठेंगणं. थेंबाच्या आकाराच्या घरात माणूस उभाच राहू शकत नाही, दारातून ओणवं होऊन गादीवर सरकावं लागतं. झोपायला दोघं. जाहिरातीतल्या नवराबायकोला हे ठीक आहे. आपण सहा माणसं आहोत आणि त्यातलं एक गुडघे न वाकणारं. विटांचा थर रचून त्यावर फळी टाकली. एका विटेवर अम्मी आरामात चढल्या. तीन विटांवर सुनेचा खांदा धरून चढल्या. चौथी ठेवली तेव्हा त्यांनी फळीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा पलंगावर जाऊन बसल्या. पसंतीच्या कॅराव्हॅनचा उंबरा किती उंच, हे विचारायला मुलानं तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाला मायलेजपासून म्युझिकपर्यंत सगळं पाठ होतं, उंबऱ्याची उंची माहीत नव्हती. मोजून कळवतो म्हणाला.

मुलगा गप्प झाला. मलाही वाईट वाटलं. त्यानं हौस केली होती ती आईसाठीच.

मी त्याला सांगितलं, की ओढायचं घर आणि आपणच चालणारं घर यात फरक आहे. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नसतात. त्यामुळे घर मागे असलं तरी अम्मींना दर तासाला बोलेरोतून उतरून त्यात चढावंच लागणार. मोटार कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे एकाच गाडीत चालकाच्या मागे घर असतं तिथे, गाडी उभी राहिली की आतल्या आत दोन पावलं. असं घर मोठ्या व्हॅनवर बांधतात, आणि २०२२ मध्ये महिंद्रानं मद्रास आयआयटीच्या आधारानं उभ्या राहिलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीशी करार करून बोलेरो कॅम्पर गोल्डवर चौघांच्या झोपण्याची सोय आणि स्वच्छतागृह असलेलं घर बांधायचं जाहीर केलं होतं. अशा गाड्यांच्या बांधणीसाठी आपल्याकडे एआयएस १२४ हे ठरलेलं मानक आहे. विक्रेत्याला तेवढा आकडा विचारा. त्याचा चेहरा कोरा राहिला तर चहा पिऊन उठा.

भावांनी गावातल्या ट्रॉली बनवणाऱ्या वेल्डरकडेही चौकशी केली होती. तो निम्म्या पैशांत करून देतो म्हणाला. नको. ट्रॅक्टरमागची ट्रॉली आणि महामार्गावर मोटारीमागे धावणारं घर ही एक गोष्ट नव्हे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याचीही नोंदणी, त्याचाही नंबर, त्याचाही विमा. कागद नसलेलं घर घाटात कुणाला धडकलं तर विमा कंपनी हात वर करील आणि भरपाई तुमच्या ज्वारीतून जाईल.

आता पाणी आणि संडास. इथे परदेशी माहितीपत्रकं आपल्या घरांना हमखास फसवतात. ते लिहितात, टाकी वीस लिटरची, कुटुंबाला दोन-तीन दिवस पुरते. त्यांचा हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे इस्तिंजा पाण्यानं. एका वेळेला धुण्याचं आणि फ्लशचं मिळून दीड-दोन लिटर धरा. वीस लिटरची मैल्याची टाकी दहा-बारा वेळांत भरते. सहा माणसांना ती अर्धा दिवस, एकट्या अम्मींना एक दिवस. म्हणून घरात ठरवून टाका, की गाडीतला संडास अम्मींचा आणि रात्री मुलींचा, बाकीच्यांनी पेट्रोल पंप गाठायचा. भरलेली टाकी कुठल्याही ओढ्यात किंवा झाडाखाली उलटी करायची नाही. लोकांच्या वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करण्यापासून रसूलुल्लाह (स.) यांनी स्पष्ट मना केलंय. मुक्कामाच्या घरी किंवा सार्वजनिक स्वच्छतागृहात, विचारून, ती रिकामी करायची.

वुजूचं पाणी मात्र आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी कमी लागतं. हदीसमध्ये आहे की हुजूर (स.) एका मुद पाण्यात वुजू करत. मुद म्हणजे आजच्या मापानं पाऊण लिटरच्या आत-बाहेर. पाच माणसं, पाच वेळा, असे जेमतेम अठरा-वीस लिटर होतात. नळ सोडून केलं तर एवढं पाणी एका वेळेलाच संपेल. म्हणून नळ नको, टोटीचा लोटा बरा. पिण्याला उन्हाळ्यात माणशी तीन लिटर धरले की आणखी अठरा. दोन्ही मिळून, वर इस्तिंजाचं धरून, साठ लिटरची टाकी एक दिवस पुरते. आणि साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन, हे विसरू नका, कारण ते कुठे ठेवलं यावर गाडी उलाळ होते की नाही हे ठरतं. पायात चामड्याचे मोजे, म्हणजे खुफ, घालणाऱ्या मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री त्यावर मसह करायची सवलत आहे. अम्मींच्या पायांना ती उपयोगाची आहे. पाय उचलून धुणं हेच त्यांना जड जातं.

नमाजचं विचारलं म्हणून थोडक्यात. आपल्या हनफी घरांत साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढच्या सफरीत कसर धरतात, रत्नागिरी तर तीनशेच्या पुढे आहे. दोन वेळच्या नमाजा एकत्र करणं हनफींत हजशिवाय नाही. कोकणात शाफई जास्त. नणंदेच्या शेजारी कुणी जोहर-असर एकत्र पढलं तर वाद घालत बसू नका. किब्ला आपल्या भागातून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. बाकी आपल्या इमामसाहेबांना विचारा, मी गाड्यांचं सदर लिहिणारी बाई आहे.

स्वयंपाकघराचा लोभ कमीच करा. सोलापूर जिल्ह्याच्या माणसानं प्रवासात गॅसवर पोळ्या लाटाव्यात हे मला पटत नाही. कडक भाकरी आठवडे टिकते, शेंगाची चटणी टिकते. चहा आणि एखादं कालवण, एवढ्यापुरती पाच किलोची टाकी पुरते. ती टाकी घराच्या आत ठेवायची नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर खाली साचतो. म्हणून कॅराव्हॅन बघायला गेलात तर टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी आहे का ते वाकून बघा. थंडीत बंद घरात शेगडी पेटवून झोपू नका. कोळशाच्या धुरातला विषारी वायू वास न येता माणूस नेतो.

अम्मींचं इन्शुलिन ही एक काळजी. चालू बाटली थंड सावलीत, तीस अंशांच्या आत असेल तर साधारण महिनाभर चालते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून किती तरी जास्त. बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज या एका कारणासाठी घेण्यासारखा आहे. शंभर अँपिअर-तासाच्या बारा व्होल्ट बॅटरीवर फ्रिज आणि पंखा रात्र काढतात. एसी काढत नाही, कुणी काहीही सांगो. फ्रिज नसेल तर डबीत बंद करून छोट्या माठात ठेवा. आपल्या कोरड्या हवेत माठ चांगला थंड राहतो.

चहा करायला सून आत गेल्या तेव्हा मला खुणेनं बोलावलं. जी रक्कम साठली आहे ती अम्मींच्या उमऱ्याची होती. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी धीर सोडला, अम्मीच म्हणाल्या की आता होणार नाही, आणि पैसे तसेच राहिले. मुलाला ते बघवत नव्हतं. उमरा नाही तर निदान लेकीचं घर आणि समुद्र दाखवू, असं त्यानं ठरवलं. कर्जाच्या व्याजाला मात्र सुनेचं मन तयार नव्हतं, पण नवऱ्याच्या हौसेपुढे बोलता येईना. म्हणून पत्र.

आणि आणखी एक, जे त्यांनी पत्रात लिहिलं नव्हतं. रात्री अनोळखी गावाबाहेर गाडी उभी करायची, आत बुरख्यातल्या बायका, नाव विचारलं तर आपलं नाव. काही झालं तर?

ही भीती मी खोटी ठरवणार नाही. माझ्याही घरात ती आहे. पण तिला उत्तर आहे आणि ते जुनं आहे. मंगळवेढा तालुक्यातच, माचणूरजवळ ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी, १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती, अख्खं तंबूंचं शहर. १६६४ च्या अखेरीस हाच बादशहा दिल्लीहून काश्मीरला निघाला तेव्हा बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य सोबत होता. त्यानं लिहून ठेवलंय की तंबूंचे दोन संच असायचे. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना व्हायचा. त्याला पेशखाना म्हणत. बादशाही थाट आपल्याला नको, पण पेशखाना हवाच. आज तो फोनवर पाठवता येतो. रात्रीची जागा घरातून निघण्याआधी ठरलेली असावी: मिरजेतल्या ओळखीच्यांचं अंगण, एखाद्या दर्ग्याचं आवार, नातेवाइकाच्या मित्राचं शेत. अनोळखी गावात थांबावंच लागलं तर दिवस असताना पोलीस पाटलाला भेटून, नाव-गाव सांगून, जागा विचारून घ्यावी. चोरासारखं अंधारात उभं राहू नये. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांसाठी वाहनतळ उभारायचं म्हटलं आहे. तुमच्या वाटेवर असा तळ सुरू झालाय का ते निघण्यापूर्वी महामंडळाकडे विचारा, आणि गृहीत धरून निघू नका.

चहा झाल्यावर मी सगळ्यांसमोर माझं मत सांगितलं. वर्षात दहा दिवस वापरायची गाडी व्याजाच्या पैशांनी घेऊ नये. उरलेले साडेतीनशे दिवस ती याच अंगणात उन्हात उभी राहणार. खिडक्यांचं रबर तडकतं, कडब्यातले उंदीर वायरी कुरतडतात, टायर न चालताही म्हातारा होतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वापरलेली कॅराव्हॅन कुणी स्वस्तात देऊ लागला तर आधी ते आकडे वाचा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर घाटात नेऊ नका. शिवाय शेजारीपाजारी लग्नाला मागायला येतील आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

सध्या बोलेरोच पुरे आहे. मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते. ती खऱ्या खुर्चीच्या उंचीची असते, कॅराव्हॅनमधल्या बुटक्या संडासापेक्षा गुडघ्यांना बरी. चारी बाजूंनी बंद, वर उघडा असा उभा तंबू. खाली झाकणाची बादली. बोलेरोत चढायला एक वीट उंचीचा लाकडी चौरंग, त्याला खाली रबर ठोकलेलं. रात्रीला मिरज किंवा कोल्हापुरात आधी ठरवलेली तळमजल्यावरची खोली. याला कॅराव्हॅनच्या एका चाकाएवढाही खर्च नाही. एक सफर अशी करून बघा. नंतरही चाकांवरचं घर हवंसं वाटलं तर चार दिवस भाड्यानं घ्या, चालकासकट मिळतं. अम्मी त्यात चढल्या, झोपल्या, तर मग विकत घ्यायचं बोलू.

आणि उमऱ्याची रक्कम उमऱ्यालाच ठेवा, असंही म्हटलं. हरममध्ये तवाफ आणि सई दोन्ही चाकाच्या खुर्चीवरून करता येतात, सफा-मरवामध्ये खुर्च्यांसाठी वेगळी वाट आहे. हे बोलताना मी अम्मींकडे बघत नव्हते. त्यांनीच विचारलं, खुर्ची तिथं मिळते की इथून न्यायची? मिळते, म्हटलं. बँकेत पडून असलेल्या त्या रकमेची तीन वर्षांची जकात निघालीय का, तेवढं भावांना बाजूला घेऊन विचारलं. वापराच्या गाडीवर जकात नसते, साठवलेल्या रकमेवर असते. ते म्हणाले, दोन वर्षांची दिलीय, तिसरी राहिलीय.

काल त्या भगिनींचा फोन आला. जुम्म्याच्या नमाजनंतर सगळी माचणूरपर्यंत जाऊन आली, फक्त तालीम म्हणून. चौरंग उत्तम चालला. तंबू मात्र पहिल्याच वाऱ्यात उडाला, कारण भेगाळलेल्या काळ्या रानात वीतभर खुंट्या धरत नाहीत. मुलगा तंबूमागे पळत सुटला आणि अम्मी खूप हसल्या म्हणे. मी सांगितलंय, लोहाराकडून हातभर लांबीच्या पहारीसारख्या खुंट्या करून घ्या, किंवा तंबूची दोरी सरळ बोलेरोच्या चाकाला बांधा. ज्वारीची पेरणी उरकली की निघायचं ठरतंय. मिरजेला तळमजल्याची खोली देऊ शकेल असं कुणी वाचकांपैकी असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा. पत्र मी पुढे पोहोचवीन.